पचनसंस्था आणि तिच्या ग्रंथी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शरीररचना शिकवताना वर्गात जे प्रश्न येतात, तेच थोड्या वेगळ्या शब्दांत शेजारीपाजारी, नातेवाईक आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात धरून बसलेली माणसं विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो. अवयवाचं नाव माहीत असतं, पण तो नेमका कुठे आहे आणि त्याचा रस कुठे जाऊन पडतो हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून उत्तरांत जागेवर आणि वाटेवर भर दिला आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती अवयव समजून घेण्यासाठी आहे. दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

१. पचनसंस्थेत नेमकं काय काय येतं? प्लीहा आणि किडनीही त्यातच धरायची का?

दोन भाग करा. पहिला भाग म्हणजे तोंडापासून गुदद्वारापर्यंतची सलग नळी: तोंड, घसा म्हणजे ग्रसनी, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं आणि गुदाशय. दुसरा भाग म्हणजे नळीच्या बाहेर बसून आपला रस वाहिनीने नळीत आणून सोडणाऱ्या ग्रंथी: लाळग्रंथी, यकृत आणि स्वादुपिंड. पित्ताशय ही ग्रंथी नाही. यकृतात तयार झालेलं पित्त साठवणारी ती पिशवी आहे.

प्लीहा यात येत नाही. ती डाव्या बरगड्यांखाली जठराला लागून असते, म्हणून पुस्तकातल्या चित्रात तिथे दिसते. पण तिच्यातून एकही वाहिनी आतड्यात उघडत नाही. तिचं काम रक्ताचं आणि रोगप्रतिकाराचं. किडन्या तर पार मागे, पाठीच्या स्नायूंना लागून असतात आणि त्यांची वाट मूत्राशयाकडे जाते. खूण सोपी आहे: ज्यातून अन्न जातं किंवा ज्याचा रस अन्नावर पडतो, तो अवयव पचनसंस्थेचा.

२. आतड्याची लांबी एका पुस्तकात ६ मीटर, दुसऱ्यात ३-४ मीटर. खरं काय धरायचं?

दोन्ही बरोबर आहेत, कारण मोजमाप वेगवेगळ्या अवस्थेत झालं आहे. मृत्यूनंतर आतड्याच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि लहान आतडं ६ ते ७ मीटरपर्यंत लांबतं. जिवंत माणसात तेच स्नायू सतत थोडे आवळलेले असतात, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी ते बहुधा ३ ते ५ मीटर भरतं. माणसागणिक फरकही बराच असतो.

बाकीची मापं अशी: अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर, लहान आतड्याचा पहिला तुकडा म्हणजे आद्यांत्र तोही सुमारे २५ सेंटीमीटर, मोठं आतडं सुमारे दीड मीटर. मोठं आतडं ‘मोठं’ ते लांबीने नव्हे, रुंदीने. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा.

३. पचनाच्या ग्रंथी एकूण किती? कुठे तीन सांगतात, कुठे पाच.

नळीबाहेरच्या मोठ्या ग्रंथी मोजल्या तर तीन: लाळग्रंथी, यकृत, स्वादुपिंड. जठराच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या सूक्ष्म ग्रंथीही धरल्या तर पाच. या अस्तरातल्या ग्रंथी सुट्या काढून दाखवता येत नाहीत, त्या फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, पण संख्येने त्या लाखोंत आहेत.

या सगळ्यांचं काम रोजच्या हिशेबात पाहा. आपण दिवसाला खाण्यापिण्यातून साधारण २ लिटर द्रव आत घेतो. त्यात लाळ १ ते दीड लिटर, जठररस सुमारे २ लिटर, पित्त अर्धा ते एक लिटर, स्वादुरस सुमारे दीड लिटर आणि आतड्याचा स्वतःचा रस सुमारे १ लिटर मिसळतो. म्हणजे दिवसाला ८-९ लिटर द्रव आतड्यात उतरतो आणि शौचावाटे त्यातला जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. बाकी सगळा परत शोषला जातो. जुलाबात माणूस काही तासांत का खंगतो ते या आकड्यांवरून कळतं (प्रश्न १६).

४. लाळग्रंथी कुठे असतात? त्या हाताला लागतात का?

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या. पहिली कानाच्या पुढे आणि खाली, गालाच्या मागच्या भागात. दुसरी जबड्याच्या हाडाखाली. तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात.

ग्रंथी चाचपण्यापेक्षा त्यांची तोंडं बघणं सोपं आहे. आरशासमोर उभे राहा, जीभ टाळूला लावा आणि आत टॉर्च मारा. जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसेल. त्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक उंचवटा आहे. जबड्याखालच्या ग्रंथींच्या वाहिन्या तिथे उघडतात. आता जिभेवर लिंबाचा थेंब टाका. काही क्षणांत त्या उंचवट्यांतून स्वच्छ लाळ पाझरताना दिसते, कधी कधी चिळकांडीच उडते. कानाजवळच्या ग्रंथीची वाहिनी गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. गाल बोटाने बाहेर ओढलात तर तिथला छोटा दाणा सापडतो. पुष्कळ जण तो फोड समजून घाबरतात. तो सगळ्यांना असतो.

५. गालगुंडात सूज कानाजवळ येते, पण माझ्या वडिलांना जेवताना जबड्याखाली गाठ फुगते. दोन्ही एकच का?

सहसा नाही. गालगुंड हा विषाणूचा संसर्ग, आणि तो प्रामुख्याने कानाजवळच्या ग्रंथीला धरतो. जेवायला बसलं की फुगणारी आणि तास-दोन तासांत उतरणारी जबड्याखालची गाठ ही वाहिनीत खडा अडकल्याची नेहमीची खूण आहे. लाळ तयार होते, पण तिला वाट मिळत नाही. लाळेतले बहुतेक खडे याच ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ जास्त दाट असते आणि वाहिनी लांब व खालून वर चढणारी असते. डॉक्टर जिभेखाली बोट घालून खडा चाचपतात. गाठ सतत राहत असेल, वाढत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, तर थांबू नका. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाजवळच्या ग्रंथीच्या आतूनच जाते.

६. घास श्वासनलिकेत का जात नाही? आणि झोपून खाल्लं तरी खाली कसा उतरतो?

घसा ही अन्न आणि हवा दोघांची सामाईक जागा आहे. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका तिच्या मागे. गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि कंठच्छद मागे झुकून झाकण घालतो. गळ्यावर बोट ठेवून थुंकी गिळा, कंठमणी वर सरकलेला जाणवेल. गिळताना बोललो किंवा हसलो की हा क्रम मोडतो आणि ठसका लागतो.

पुढचा प्रवास वजनाने होत नाही. अन्ननलिकेचे स्नायू घासाच्या मागे आवळतात आणि पुढे सैल होतात, अशी लाट ८-१० सेकंदांत जठरापर्यंत पोहोचते. म्हणून आडवं असताना, अगदी शीर्षासनातही घास जठराकडेच जातो. गोळ्या मात्र बसून आणि भरपूर पाण्याबरोबरच घ्या. कोरडी गोळी अन्ननलिकेच्या अरुंद भागात चिकटून तिथे जखम करू शकते.

७. पोट दुखतं म्हणून आपण बेंबीवर हात ठेवतो. जठर तिथेच असतं ना?

नाही, ते बरंच वर असतं. छातीचं मधलं हाड जिथे संपतं त्या खळग्यापासून डावीकडे, डाव्या बरगड्यांच्या आड. भरल्यावर ते खाली उतरतं, पण बेंबीभोवती जे असतं ते मुख्यतः लहान आतडं. रिकामं जठर चपटं आणि आतून घड्याघड्यांचं असतं. जेवताना घड्या उलगडतात आणि त्यात एक-दीड लिटर सहज मावतं.

डॉक्टरांना दुखण्याची जागा सांगताना ‘पोटात’ एवढंच सांगू नका. एका बोटाने दाखवा: खळग्यात, उजव्या बरगडीखाली, बेंबीभोवती की ओटीपोटात उजवीकडे. निम्मं निदान तिथे होतं.

८. जठरातलं आम्ल एवढं तीव्र, मग ते जठरालाच का खात नाही?

जठराच्या अस्तरात सूक्ष्म खड्डे आहेत आणि त्यांच्या तळाशी जाठरग्रंथी. एकाच ग्रंथीत वेगवेगळ्या पेशी असतात. काही हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, काही पेप्सिनोजेन, काही श्लेष्मा म्हणजे चिकट बुळबुळीत थर. आम्ल सोडणाऱ्या पेशीच आणखी एक प्रथिन बनवतात, ज्याच्याशिवाय बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जात नाही (प्रश्न १७).

संरक्षण तीन पातळ्यांवर आहे. प्रथिनं फोडणारं पेप्सिन हे पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात तयार होतं आणि आम्लात पडल्यावरच कामाला लागतं. श्लेष्म्याच्या थरात बायकार्बोनेट असतं, त्यामुळे पोकळीत पीएच १ ते २ असला तरी पेशींच्या अगदी लगत तो ७ च्या आसपास राहतो. आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी बदलतात.

हे कवच फुटलं की व्रण म्हणजे अल्सर होतो. तो तिखटाने आणि काळजीने होतो असं फार वर्षं मानलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू त्यामागे असल्याचं दाखवलं. लोक मानेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जीवाणू स्वतः प्यायला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सरमध्ये हा जीवाणू सापडला तर प्रतिजैविकांचा कोर्स देतात. दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या, ज्या आपल्याकडे मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात.

९. ‘पित्त झालं’ म्हणजे पित्ताशयातलं पित्त वर येतं का? आणि अंगावर उठतं ते पित्त कुठलं?

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणं हे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत शिरल्यामुळे होतं. अन्ननलिकेला जठरासारखं श्लेष्म्याचं कवच नाही, म्हणून ती जळते. पित्ताशयातलं पित्त हिरवट-पिवळं, कडू आणि आम्लाच्या उलट, किंचित अल्कधर्मी असतं. ते आद्यांत्रात पडतं. खूप उलट्या झाल्यावर शेवटी कडू पिवळं पाणी पडतं, ते मात्र खरंच हे पित्त: जठर रिकामं झाल्यावर आद्यांत्रातला मजकूर मागे आलेला असतो. उलटी गडद हिरवी असेल, विशेषतः तान्ह्या बाळाला, तर आतड्यात अडथळा असू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठा.

अंगावर उठणाऱ्या गांधींचा या दोन्ही रसांशी संबंध नाही. त्वचेतल्या पेशींतून हिस्टामिन सुटतं, त्याची ती सूज आणि खाज.

१०. वामकुक्षी डाव्याच कुशीवर का? यात शरीररचनेचं काही कारण आहे?

आहे, आणि चांगलं आहे. अन्ननलिका जठराला उजव्या-वरच्या बाजूने मिळते, आणि जठराचा मोठा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर पडल्यावर अन्न आणि आम्ल त्या फुगीर भागात खाली साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड पातळीच्या वर राहतं. उजव्या कुशीवर नेमकं उलटं होतं. म्हणून रात्री जळजळ होणाऱ्यांनाही डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. तरी भरपेट जेवून लगेच गाढ झोपणं टाळा. वामकुक्षी थोडा वेळ पडण्यासाठी आहे.

११. आद्यांत्र जेमतेम वीतभर, मग पुस्तकात त्यावर एवढी पानं का?

कारण सगळ्या वाटा तिथे मिळतात. आद्यांत्र इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं असतं आणि त्या वळणाच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं बसतं. जठरातून आंबट लापशी थोडी थोडी आत येते. भिंतीतल्या खास ग्रंथी अल्कधर्मी श्लेष्मा सोडतात. आणि वळणाच्या उभ्या भागात, आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा आहे, जिथे पित्तवाहिनी आणि स्वादुपिंडाची वाहिनी बहुतेकांमध्ये एकत्र येऊन उघडतात. त्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं आहे. उपाशीपोटी ते मिटलेलं असतं, म्हणून पित्त मागे वळून पित्ताशयात साठतं. स्निग्ध अन्न आद्यांत्रात आलं की तिथल्या पेशी रक्तात संप्रेरक सोडतात, त्याने पित्ताशय आवळतं आणि कडं उघडतं.

शवविच्छेदनाच्या टेबलावर मी विद्यार्थिनींना सगळ्यात आधी हा उंचवटा शोधायला लावते. आद्यांत्र उभं कापून धुतलं की अस्तराच्या आडव्या घड्या दिसतात आणि त्यांत मसुराएवढा एक फुगवटा. त्यात सळई सरकवली की ती वर पित्तवाहिनीत जाते. शेजारी पित्ताशयाला टेकलेल्या आतड्यावर हिरवट डाग पडलेला असतो, कारण मृत्यूनंतर पित्त भिंतीतून झिरपतं. एकदा हे पाहिलं की प्रश्न १४ चं उत्तर पाठ करावं लागत नाही.

१२. यकृताला रक्त दोन ठिकाणांहून येतं म्हणतात. ते कसं?

इतर अवयवांना धमनीने शुद्ध रक्त येतं. यकृताला धमनी आहेच, पण त्याच्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग प्रतिहारी शिरेने येतो, जी जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहेकडून रक्त गोळा करते. म्हणजे आतड्यात शोषलेली साखर, प्रथिनांचे घटक, औषधं आणि दारूसुद्धा सगळ्या शरीरात जाण्याआधी यकृतातून गाळून जातात. स्निग्ध पदार्थ याला अपवाद: ते बहुतांशी लसीकावाहिन्यांतून मानेजवळच्या शिरेत जातात.

यकृत सुमारे दीड किलोचं, उजव्या बरगड्यांआड, शरीरातली सगळ्यात मोठी ग्रंथी. यकृत निबर झालं की प्रतिहारी शिरेत दाब वाढतो, रक्त आडवाटा शोधतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या शिरा फुगतात. सिरॉसिसच्या रुग्णाला रक्ताची उलटी होते ती त्या फुटल्यामुळे. निरोगी यकृत मात्र पुन्हा वाढतं. म्हणूनच जिवंत माणूस आपल्या यकृताचा भाग दान करू शकतो.

१३. पित्ताशय काढल्यावर पित्त येणार कुठून?

यकृतातून, पूर्वीसारखंच. पित्ताशय ३० ते ५० मिलिलिटरची साठवण आहे. तिथे पाणी शोषलं जाऊन पित्त दाट होतं. ते काढल्यावर पित्त साठण्याऐवजी सतत थोडं थोडं आद्यांत्रात ठिबकतं. बहुतेकांना काही फरक जाणवत नाही. काहींना सुरुवातीला तेलकट जेवणानंतर पातळ शौचाला होते, ती बहुधा काही आठवड्यांत सावरते.

१४. खडा पित्ताशयात, मग सूज स्वादुपिंडाला कशी आली? डॉक्टरांनी काही चूक केली का?

चूक नाही. प्रश्न ११ मधली सामाईक वाट आठवा. पित्ताशयातला मोठा खडा बहुधा आतच राहतो. लहान खडा घसरून पित्तवाहिनीतून खाली येतो आणि त्या उंचवट्याशी अडकतो. तिथे तो दोन वाटा एकदम अडवू शकतो. पित्त तुंबलं तर कावीळ होते: डोळे पिवळे, लघवी गडद, आणि शौचाचा रंग मातकट-पांढरा, कारण शौचाला तपकिरी रंग देणारं द्रव्य पित्तातूनच येतं.

स्वादुरस तुंबला तर धोका वेगळा. प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात असतं आणि आद्यांत्राच्या अस्तरातल्या एका विकराने म्हणजे एन्झाइमने ते जागं होतं. वाट अडली की ते आतच जागं होतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. खळग्यात सुरू होऊन पाठीत शिरणारी असह्य कळ आणि उलट्या ही त्याची खूण. रक्तात अमायलेज आणि लायपेज ही पाचक विकरं वाढलेली दिसतात. वाहिनीत अडकलेला खडा काढायला तोंडातून दुर्बीण थेट त्या उंचवट्यापर्यंत नेतात, तिला ईआरसीपी म्हणतात. पित्ताशय नंतर काढतात, नाहीतर पुढचा खडा तयारच असतो. दारू हे या सुजेचं दुसरं मोठं कारण.

१५. स्वादुपिंड पचनाचं की मधुमेहाचं? आणि सोनोग्राफीत ‘गॅसमुळे स्वादुपिंड दिसलं नाही’ असं लिहिलंय, घाबरायचं का?

दोन्हीचं. जठराच्या मागे आडवं पडलेलं हे १५ सेंटीमीटरच्या आसपासचं पिवळट पिंड, हाताला कणसाच्या दाण्यांसारखं लागतं. ते दाणे पाचकरस बनवतात आणि तो वाहिनीने आद्यांत्रात जातो. त्यांच्यामध्ये पेशींची बेटं विखुरलेली आहेत, वजनाने जेमतेम १-२ टक्के. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं. त्यांना वाहिनी नाही. इन्सुलिन ती थेट रक्तात सोडतात. इन्सुलिन वेगळं काढायला इतकी वर्षं लागली त्याला ही शेजारची जागाही कारणीभूत होती: ग्रंथी कुटली की पाचक विकरं इन्सुलिनलाच फोडत. वाहिन्या बांधून आधी पाचक भाग सुकवायचा, ही कल्पना घेऊन बँटिंग यांनी १९२१ मध्ये टोरांटोला बेस्ट यांच्याबरोबर प्रयोग सुरू केले.

सोनोग्राफीचं म्हणाल तर ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत, आणि स्वादुपिंडाच्या पुढे जठर व आतडं आहे. त्यातल्या हवेने पिंडाची शेपटी झाकली जाणं अगदी नेहमीचं आहे. हा आजार नव्हे, न दिसल्याची नोंद आहे. लक्षणं असतील तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. उपाशीपोटी बोलावतात ते हवा कमी असावी आणि पित्ताशय भरलेलं दिसावं म्हणून.

१६. जुलाबात नुसतं पाणी प्यायलं तर का भागत नाही? साखर-मीठच का?

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यात आतडं भरमसाट पाणी बाहेर टाकतं, पण हे दार उघडंच असतं. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या लढ्यातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, म्हणून तयार पुडी असेल तर तीच बरी.

१७. आतड्याचा तुकडा काढला, आता पचन कसं होणार? कुठला तुकडा हे महत्त्वाचं असतं का?

फार महत्त्वाचं. लहान आतड्याच्या अस्तरावर एक मिलिमीटरपर्यंत उंचीचे रसांकुर असतात आणि त्यांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म केसाळ कडा. हे पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होतं असं सगळीकडे छापलेलं असतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने मोजून पूर्ण पचननलिकेचा आकडा ३२ चौरस मीटरच्या आसपास दिला. तोही मोठाच आहे, म्हणून थोडा तुकडा गेल्याने सहसा अडत नाही.

मधला भाग म्हणजे मध्यांत्र गेलं, तर शेवटचा भाग म्हणजे शेषांत्र हळूहळू त्याचं काम उचलतं. शेषांत्राचं शेवटचं टोक गेलं, तर त्याचं काम दुसरं कोणी करत नाही: बी-१२ आणि पित्तक्षार तिथेच शोषले जातात. आतड्याच्या क्षयरोगात किंवा क्रोन्सच्या आजारात (आतड्याची दीर्घकाळ राहणारी सूज) पुष्कळदा नेमका हाच भाग काढावा लागतो. अशा रुग्णाला बी-१२ ची इंजेक्शनं लागू शकतात. पूर्ण जठर काढलेल्यांनाही लागतात, पण त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आलेलं प्रथिन. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता काही वर्षांनी दिसते, म्हणून तपासणी विसरू नका.

१८. अपेंडिक्सचं दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे का सरकतं? पेरूची बी अडकून ते होतं का?

अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, साधारण ८-९ सेंटीमीटरची बंद नळी. तिच्या नसा बेंबीच्या भागातल्या नसांबरोबर मज्जारज्जूत शिरतात, त्यामुळे सुरुवातीला मेंदूला दुखणं बेंबीपाशी वाटतं. सूज बाहेर पसरून पोटाच्या आतल्या आवरणाला लागली की त्याच्या नसा नेमकी जागा सांगतात: ओटीपोटात उजवीकडे. पण अपेंडिक्सचं टोक पुष्कळांत मोठ्या आतड्याच्या मागे वळलेलं असतं, काहींत कटीपोकळीत उतरलेलं. मग दुखणं कुशीत किंवा लघवीच्या जागी वाटतं आणि निदान लांबतं.

बियांमुळे सूज आल्याची उदाहरणं तुरळक आहेत. बहुधा घट्ट मळाचा खडा किंवा तिथल्या लसीका-ऊतीची सूज वाट बुजवते. पेरू खुशाल खा.

१९. मोठ्या आतड्यात पचन होतं की फक्त मळ साठतो?

त्याला रसांकुर नाहीत आणि ते स्वतः पाचक विकरं सोडत नाही. ग्रंथी मुख्यतः श्लेष्मा देतात. पण तिथले जीवाणू आपल्याला न पचलेला चोथा आंबवून लहान मेदाम्लं बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी बऱ्याच अंशी त्यांच्यावरच जगतात. उरलेलं लिटर-दीड लिटर पाणीही इथेच शोषलं जातं. भाज्या आणि कडधान्यांतला चोथा वाया जात नाही तो असा.

२०. भूक लागली की पोटात गुरगुर का होते?

रिकाम्या जठरात आणि लहान आतड्यात दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट सुरू होऊन उरलंसुरलं पुढे ढकलते. त्यात हवा आणि पाणी घुसळल्याचा तो आवाज. खाल्लं की ही लाट थांबते.

२१. गॅस डोक्यात जातो आणि डोकं दुखतं, हे खरं का?

आतड्यापासून डोक्याकडे हवेची वाट नाही. वायूचा थोडा भाग, मुख्यतः हायड्रोजन आणि मिथेन, रक्तात विरघळून फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. दूध पचतं का हे बघायची श्वासचाचणी त्यावरच चालते. पण त्याने डोकं दुखत नाही. पोट फुगणं, मळमळ आणि डोकेदुखी एकत्र येते ती पुष्कळदा मायग्रेनमध्ये, कारण त्यात जठराची हालचाल मंदावते. उलटी झाल्यावर बरं वाटतं, म्हणून दोष गॅसवर जातो. दुसरीकडे, ‘छातीत गॅस धरलाय’ म्हणून घरी थांबलेल्यांत हृदयविकाराचे रुग्ण असतात. घाम, दम किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ असेल तर सोडा पीत बसू नका.

२२. बेंबी सरकते का? चोळून जागेवर आणतात ते योग्य आहे का?

बेंबी हा नाळ पडल्यानंतरचा व्रण आहे. तिच्या मागे कोणताही अवयव जोडलेला नसतो. जन्मापूर्वीच्या रक्तवाहिन्यांचे सुकलेले दोर तेवढे यकृताकडे आणि खाली मूत्राशयाकडे व कटीपोकळीकडे जातात. त्यामुळे ती सरकत नाही. पोटाचा मुरडा आपोआप थांबतो आणि श्रेय चोळण्याला मिळतं. पण सुजलेल्या अपेंडिक्सवर जोराने चोळलं तर ते फुटू शकतं. बेंबीत खोकताना फुगणारी गाठ मात्र खरा हर्निया असू शकतो, तो सर्जनला दाखवा.

२३. सगळ्यांचे अवयव पुस्तकातल्यासारखेच असतात का?

नाही. साधारण १० हजारांत एकाचे छातीतले आणि पोटातले अवयव पूर्ण उलट्या बाजूंना असतात: यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे. अशी माणसं बहुधा निरोगी असतात, फक्त ही गोष्ट त्यांनी प्रत्येक डॉक्टरला आधी सांगावी. स्वादुपिंडाचे दोन भाग गर्भात वेगवेगळे तयार होऊन जुळतात. काहींमध्ये त्यांच्या वाहिन्या जुळत नाहीत आणि आद्यांत्रात दोन ठिकाणी उघडतात.

सुमारे २ टक्के लोकांत शेषांत्रावर, मोठ्या आतड्यापासून साधारण दोन फुटांवर एक छोटी थैली राहून जाते. गर्भात आतडं नाळेकडे जोडणारी जी नळी असते तिचा हा उरलेला भाग. योहान फ्रीडरिक मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचं वर्णन केलं. कधी कधी तिच्या अस्तरात जाठरग्रंथी असतात. त्या आतड्यात आम्ल सोडतात, शेजारी व्रण होतो आणि लहान मुलाला न दुखता शौचातून रक्त जातं. ती सुजली तर हुबेहूब अपेंडिक्ससारखं दुखतं. ऑपरेशनच्या वेळी अपेंडिक्स निरोगी दिसलं, तर सर्जन लहान आतड्याचा शेवटचा भाग बाहेर घेऊन दोन-तीन फूट तपासतात, ते या थैलीच्या शोधात.